नऊ नंबरच्या ट्रकचा रंग

माझ्या हातून ब्रिटिश सैन्याचा एक ट्रक खराब झाला. हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत इतक्या लोकांना सांगितलं, की आता म्हणताना मला काहीच वाटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं. म्हणून लगेच जोडतो, की ट्रक चौदा सेंटिमीटर लांबीचा होता, प्लास्टिकचा होता आणि मामाचा होता. यातली शेवटची बाब सगळ्यात गंभीर.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. नळखात्यात नकाशे काढून निवृत्त झाला, आमच्याकडे राहायला आला आणि गेली आठ वर्षं खिडकीपाशी बसून महायुद्धातल्या गाड्या जोडतोय. एकूण अकरा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटातल्या ब्रिटिश गाड्या शत्रूच्या नजरेत भरू नयेत म्हणून त्यांवर तीन रंगांचे तिरके, सरळ कडांचे पट्टे मारत. फिकट दगडी, रुपेरी करडा आणि पाटीसारखा गडद. गाडी गाडीसारखी दिसू नये हा त्यांचा हेतू. आपली गाडी त्या न दिसणाऱ्या गाडीसारखी हुबेहूब दिसावी हा मामाचा हेतू. त्यासाठी तो एकेका पट्ट्याला आठवडा घालवतो.

मामा रागावला की ओरडत नाही. गप्प होतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी एकदा कौतुकाने त्याच्या रणगाड्याला 'छान खेळणं' म्हटलं. या गोष्टीला चार वर्षं झाली. तेव्हापासून ते गृहस्थ मामाला दिसलेले नाहीत. ते अजून समोरच राहतात.

आता माझं सांगतो. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसतो. दिवसभर लोक माझ्याशी जे बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी घरी आलो की मामा अर्धा तास गप्पा मारतो, कुठल्या गाडीचा आरसा कसा बसवला वगैरे. सबंध दिवसात माझ्याशी आपणहून, काही काम नसताना बोलणारा तो एकच माणूस. तोही गप्प झाला तर मी कोणाकडे तक्रार नोंदवायची?

तर झालं असं. ग्रंथालयाने छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि मामाला एक काचेची पेटी दिली. आठ वर्षांत त्याच्याकडे कोणीतरी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, आणि नेमकी त्याच आठवड्यात आधी डाव्या डोळ्याची तारीख आली. शस्त्रक्रिया मंगळवारी, प्रदर्शन शनिवारी. मामाने अकराही गाड्या कापसात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या, खोका माझ्या कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "आता मी यांना नव्या डोळ्यानेच बघणार. तोपर्यंत तूही हात लावू नकोस."

मी हात लावला नसता. पण ग्रंथालयाचा अर्ज आला. त्यात प्रत्येक वस्तूचा फोटो मागितला होता. 'वस्तू खाण्यायोग्य आहे काय' असाही प्रश्न होता, कारण मागचं प्रदर्शन केकचं होतं. मी अकरा वेळा 'नाही' लिहिलं आणि फोटोसाठी खोका उघडला. नऊ नंबरच्या ट्रकच्या बॉनेटवर माशीने एक ठिपका टाकला होता.

ठिपका राहू दिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्या वेळी दारात चेअरमनकाका उभे होते. हे आमच्या इमारतीचे चेअरमन नव्हेत. ते निवडून कधीच आले नाहीत, पण कुठल्याही विषयावर त्यांचं अध्यक्षीय भाषण तयार असतं म्हणून नाव पडलं. ते म्हणाले, "नेलपॉलिश काढायचं औषध आण. दोन थेंब. आमच्या हिची बाटली देतो."

"रंग नाही ना जाणार?"

"नखाचा जातो. गाडीला नखं आहेत का?"

मी ट्रक निरखून बघितला. नखं नव्हती, म्हणजे मुद्दा बरोबर असावा असं मी समजलो. कापसाच्या बोळ्याने ठिपका गेला. ठिपक्याखालचा रंगही गेला. तेवढाच डाग वाईट दिसेल म्हणून मी आजूबाजूचं थोडं सारखं केलं. मग डावी बाजू उजवीपेक्षा स्वच्छ दिसायला लागली. तीही सारखी केली. अर्ध्या तासात ट्रक सगळीकडून सारखा झाला, म्हणजे पांढराफटक. शिवाय त्या औषधाने प्लास्टिक मऊ झालं होतं. मी ट्रक उचलून ठेवला तेव्हा बॉनेटवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. रेषांसकट. पोलिसांना गुन्हेगाराकडून इतकं सहकार्य क्वचितच मिळत असेल.

"कसला वास येतोय रे?" पलीकडच्या खोलीतून मामा.

"आईने नखं रंगवली होती, ती काढतेय."

आईने जन्मात नखं रंगवलेली नाहीत. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आत्ताच सांगून टाक. मारणार नाही तो."

"मारणार असता तर सांगितलं असतं."

"मग काय करणारेस?"

"रंगवीन परत. तीन आठवडे आहेत."

"तू?" आई म्हणाली. तिने एवढंच म्हटलं, पण शाळेतल्या चित्रकलेच्या सगळ्या वह्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

मामाचे रंग वापरता येईनात. तो झाकणात थेंब थेंब मिसळून रंग बनवतो आणि प्रमाण कुठेच लिहीत नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "प्रमाण डोळ्यात असतं." आता तोच डोळा कापायला चालला होता. म्हणून मी परदेशातून या गाड्यांसाठीच बनवलेल्या रंगांचा तयार संच मागवला. तीन छोट्या डब्या. पाचव्या दिवशी डब्यांऐवजी सीमाशुल्क कार्यालयाचं पत्र आलं. पार्सलवर 'लष्करी वाहनांचे छद्मरंग, वाळवंटी' असं लिहिलेलं होतं आणि त्याबद्दल खुलासा हवा होता. पत्रावर माझं नाव लाल शाईत. ते वाचल्यावर मला दोन घास कमी गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी तिथल्या अधिकाऱ्यासमोर बसलो.

"वाहन कुठे आहे?"

"घरी. आईच्या शिलाई मशीनवर."

त्याने 'घरी' लिहिलं. "चालू स्थितीत?"

"नाही."

"क्रमांक?"

"नऊ."

"नुसता नऊ?"

"आमच्याकडे अकराच आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं. "अकरा लष्करी वाहनं आहेत तुमच्याकडे?"

"माझी नाहीत. मामाची." हे बोलून गेल्यावर लक्षात आलं, की मी घाबरून मामाचं नाव घेतलंय. एका माणसाचा ट्रक खराब करून वर त्यालाच अडकवायचं, इतका नीचपणा माझ्यात आहे हे मला त्या खुर्चीत कळलं. घाईघाईने म्हणालो, "साहेब, ती छोटी आहेत. हा ट्रक चौदा सेंटिमीटर आहे."

"चौदा मीटर."

"सेंटिमीटर."

"अहो, फॉर्मात सेंटिमीटर नाहीये."

शेवटी त्याने शून्य पूर्णांक चौदा मीटर लिहिलं. पण इतकं लहान वाहन नियमात बसेना, म्हणून प्रत्यक्ष पाहणी ठरली. दुसऱ्या दिवशी मी बुटांच्या खोक्यात घालून ट्रक नेला. अधिकाऱ्याने तो चारी बाजूंनी बघितला, अंगठ्याच्या ठशापाशी थांबला, माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि शेरा मारला, 'वाहन तपासले. रंगाची गरज दिसते.' माझ्या परिस्थितीचं सरकारदरबारी झालेलं हे एकमेव अचूक वर्णन. तो कागद मी जपून ठेवलाय.

डब्या मिळाल्या. शस्त्रक्रियेला आठवडा उरला होता. पहिली डबी उघडली, दगडी रंग तंतोतंत. गडद रंग तंतोतंत. मग रुपेरी करडा उघडला. तो हिरवट होता. शेवाळ वाळल्यावर दिसतं तसा. आणि मामाच्या गाड्यांवरचा रुपेरी करडा निळा होता. ढगबिग नसलेल्या आकाशासारखा, स्वच्छ निळा.

आता आठ वर्षं अभ्यास करणारा मामा चुकीचा की डबीवाले चुकीचे? मी डबीवाल्यांना कडक शब्दांत पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात मामाला डोळ्याच्या दवाखान्यात मोजमापासाठी न्यायची वेळ झाली. मामा आत गेल्यावर बाहेरच्या सिस्टर मला थेंबांचं वेळापत्रक समजावत होत्या. सांगता सांगता म्हणाल्या, "आणि त्यांना रंग वेगळे दिसतील हं, घाबरू नका. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळट काच धरल्यासारखं असतं. निळा रंग त्यात मरतो. काच काढली की निळं एकदम निळं दिसतं."

"सिस्टर, समजा अशा माणसाने एखादा रंग स्वतः मिसळला…"

"तर निळा जास्त घालणार. त्याला कमीच दिसतो ना."

मी बाकावर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "पेशंट तुम्ही का?"

म्हणजे डबी बरोबर होती. मामा बरोबर दिसेपर्यंत निळा घालत गेला होता, आणि बुधवारी पट्टी निघाल्यावर हे त्याला अकरा गाड्यांवर एकदम दिसणार होतं. माझ्यापुढे प्रश्न असा, की नऊ नंबर कुठल्या रंगाने रंगवायचा? डबीतला बरोबर रंग दिला तर दहा निळ्या गाड्यांत एकच हिरवट गाडी उठून दिसणार आणि मी पकडला जाणार. चुकीचा दिला तर मी वाचणार, पण त्या चुकीत माझीही एक भर पडणार.

चेअरमनकाका म्हणाले, "अकराच्या अकरा हिरव्या करून टाक. पुरावाच राहणार नाही."

आई म्हणाली, "सांगून टाक."

मी भित्रा माणूस. मी निळा निवडला.

पण निळा आणायचा कुठून? भिंतीच्या रंगाच्या दुकानात एक यंत्र असतं, वस्तू त्याखाली धरली की तस्साच रंग बनवून देतं. मी आठ नंबरची चिलखती गाडी नेली. दुकानदाराने ती यंत्राखाली धरली. यंत्राने थोडा विचार करून नाव सांगितलं, 'चिमुकल्यांची खोली, चार'.

"छान शेड आहे," दुकानदार म्हणाला. "मुलगा की मुलगी?"

"ट्रक."

त्याने डबा पुढे ओढला. "किती देऊ?"

"चार थेंब."

"एक लिटरच्या खाली मिळत नाही. आणि दोन हात मारावे लागतील. पहिला सुकल्याशिवाय दुसरा मारू नका."

मी लिटरभर रंग घेऊन घरी आलो. उरलेल्यातून आईने न्हाणीघराचं दार रंगवलं, म्हणजे निदान ते तरी शत्रूला दिसणार नाही.

पुढचे चार दिवस मी ऑफिसला जाण्याआधी आईच्या शिलाई मशीनपाशी बसून पट्टे मारले. चिकटपट्टी लावायची, रंग द्यायचा, चिकटपट्टी काढायची, तिच्याबरोबर आलेला रंग बघत बसायचं, परत लावायची. तक्रार खिडकीवर एक बाई म्हणाल्या, "तुमच्या कपाळावर निळा पट्टा आहे." मी म्हणालो, "तिरका आहे ना?" त्या दुसऱ्या खिडकीवर गेल्या. पट्टे शेवटी जमले. अंगठ्याचा ठसा मात्र रंगाखालूनही दिसत राहिला, उलट जास्तच सुबक. तेव्हा मी टिश्यू पेपर गोंदात भिजवून त्याची गुंडाळलेली ताडपत्री बनवली आणि बॉनेटवर ठेवून दिली. गुन्हा झाकला. मंगळवारी मामाचा डोळा झाला.

बुधवारी सकाळी पट्टी निघाली. घरी येताना रिक्षात मामा दुकानांच्या पाट्या वाचत होता. दोन्ही बाजूंच्या. "ही किती निळी आहे रे," तो एका पाटीकडे बघून म्हणाला. मी त्याला दुसऱ्या बाजूची पाटी दाखवली. घरात पाऊल टाकताच त्याने सांगितलं, "खोका आण."

मी अकराही गाड्या टेबलावर ओळीने मांडल्या. मामा बसला. बघत राहिला. मग डावा डोळा मिटून उजव्याने बघितलं, उजवा मिटून डाव्याने.

"पडदा सरकव."

मी सरकवला.

"हे निळे आहेत."

आई दारात उभी होती. म्हणाली, "निळेच आहेत ना ते, दादा?"

"कधीपासून?"

"पहिले दोन-तीन जरा कमी होते."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला वाटलं असतील वाळवंटात निळे. तू एवढी पुस्तकं वाचून करतोस, मी काय सांगू?"

मामाने पहिल्या गाडीवर बोट ठेवलं आणि ओळीने सरकवत नेलं. "एक बरोबर. दोन बरोबर. चारला सुरुवात झाली. सहाला वाढला. अकरा तर…" अकरा नंबर प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसत होता. "आलेख काढल्यासारखं झालंय. डोळा कसा गेला त्याचा." मग शांतपणे म्हणाला, "ग्रंथालयाला कळवून टाक. पेटी दुसऱ्या कोणाला तरी देऊ देत."

मी काहीतरी बोलणार, तोच त्याचं बोट मागे येऊन नऊवर थांबलं. त्याने ट्रक उचलला, नव्या डोळ्याजवळ नेला.

"नऊवर ताडपत्री नव्हती."

मी सगळं सांगितलं. माशी, औषध, अंगठा, सीमाशुल्क, सिस्टर, यंत्र. हिरवट डबी खिशात होती, तीही काढून टेबलावर ठेवली. "मला माहीत होतं, मामा," मी म्हणालो. "आठवड्यापासून माहीत होतं. आणि मी मुद्दाम चुकीचा रंग दिला, तुला कळू नये म्हणून."

मामाने ट्रक खाली ठेवला आणि गप्प झाला.

दुपारी गप्प. संध्याकाळी गप्प. दर चार तासांनी त्याच्या डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. मी बाटली घेऊन गेलो की तो मान मागे टाके, पापणी उघडे आणि माझ्या आरपार छताकडे बघे. समोरच्या गृहस्थांना चार वर्षं काय वाटलं असेल ते मला एका दिवसात कळलं. संध्याकाळचा अर्धा तास मी एकटाच बसलो आणि भिंतीला सांगितलं, की आज एकशे सात तक्रारी आल्या.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. बूट घालत होतो. आतून आवाज आला.

"प्रायमर कुठला दिलास?"

मी एका बुटात उभा राहिलो. "दिलाच नाही."

"दिलाच नाही!" मामा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "उघड्या प्लास्टिकवर? भिंतीचा रंग? अरे, माणूस आहेस की कोण! आण तो इकडे. आणि ती ताडपत्री काढ, बॉनेटवर ताडपत्री ठेवून ड्रायव्हरला समोरचं दिसणार कसं?"

मी ऑफिसात कळवलं, की घरात आजारी माणूस आहे. ते खोटं नव्हतं. त्याला मान वाकवायची मनाई होती, म्हणून तो काळा चष्मा लावून ताठ बसला आणि दोन दिवस मी त्याच्या सांगण्यावरून नऊ नंबर खरवडला, घासला, अंगठ्याचा ठसा बुजवला आणि डबीतल्या रंगाने नव्याने रंगवला. मामा क्षणभर थांबला नाही. "ब्रशला एवढा रंग? वंगण घालतोयस का?" "श्वास सोडून पट्टा ओढ, घेऊन नको." "ही सरळ रेघ? नळखात्यात असतास तर पाणी शेजारच्या गावात गेलं असतं." आई दोनदा येऊन बघून गेली आणि दार ओढून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी ट्रक झाला. मी विचारलं, "बाकीच्या दहा?"

"त्यांना हात लावायचा नाही. त्या माझ्या आहेत." मग नकाशावर काढायचा तसल्या रेखीव अक्षरांत त्याने पेटीसाठी कार्ड लिहिलं, 'गाड्या १ ते ८, १० व ११: मला दिसल्या तशा. गाडी ९: होती तशी.' लिहून झाल्यावर ते हातभर अंतरावर धरून एकेका डोळ्याने वाचलं.

शनिवारी पेटीपुढे माणसं थांबत होती. एका बाईंनी काचेवर बोट टेकवून विचारलं, "ही एकच हिरवट कशी?"

"ती एकच बरोबर आहे," मामा म्हणाला. "बाकीच्यांना मोतीबिंदू होता."

"कोणी रंगवली?"

"माझ्या भाच्याने. फार जवळून बघू नका."

मी घड्याळ बघितलं. थेंबांची वेळ होऊन गेली होती. मामाला खुर्चीत बसवलं, चष्मा काढला, बाटली उघडली. आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली, काहींना हाही प्रदर्शनाचाच भाग वाटला असावा. मामा मान मागे टाकून, छताकडे बघत, त्या बाईंना रुपेरी करडा खरा कसा असतो ते सांगतच होता. मी बाटली त्याच्या डोळ्यावर धरली.

तो मधेच थांबला. "हात स्थिर ठेव," मला म्हणाला, "इथे दुसरा हात मारता येत नाही." आणि पुढे बोलू लागला.